सीझन तोंडावर आलाय, पण वाजवणाऱ्यांची नावं सांगा

मित्रहो, पोस्ट लांब आहे. घाईत असाल तर शेवटच्या मागण्या तेवढ्या वाचा. पण कोणत्या मंडळाचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार असाल तर हात जोडून सांगतो, पूर्ण वाचा. विषय तुमच्याच पावतीपुस्तकाचा आहे.

पोळा झाला की गणपती. गणपती उठले की देवी. मग कोजागरी, दिवाळी, आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. आपल्या वऱ्हाडात याला सरळ 'सीझन' म्हणतात. मंडपवाल्याचा सीझन, कॅटरिंगवाल्याचा सीझन, डीजेवाल्याचा सीझन. परवा आमच्याच भागातल्या एका मंडळाच्या बैठकीत बसलो होतो. विषय दोनच, वर्गणी किती आणि डीजे कोणाचा. दीड तास चर्चा झाली. त्यातला सव्वा तास बेस किती आणि लाइट किती यावर गेला.

मी मधेच म्हटलं, "दहा दिवसांतला एक दिवस आपल्याच भागातल्या वादकांचा ऑर्केस्ट्रा ठेवा की."

पोट्टे हसले. एक जण म्हणाला, "दादा, ऑर्केस्ट्रा आता कुठी राह्यला? तुमच्या जमान्यातल्या गोष्टी."

मी चाळिशी ओलांडलेला माणूस, माझा 'जमाना' इतक्या लवकर संपेल असं वाटलं नव्हतं. पण राग त्या पोराचा आला नाही. तो खरंच बोलत होता. राग आला तो माझाच. का, ते सांगतो.

कात्रण मागायला आलेले काका

दोन महिन्यांपूर्वी एक काका माझ्याकडं आले. नाव लिहीत नाही, पण धनजच्या आसपासच्या गावांतल्या चाळिशीपुढच्या माणसाला ओळख पटेल. क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नात बँडपुढं, गणपतीत ऑर्केस्ट्रात, हरिनाम सप्ताहात पेटीवर. शिकवायला कोणी नव्हतं. रेडिओला कान लावून बसायचे आणि गाणं जसंच्या तसं उचलायचे. ऑर्केस्ट्रात कोणतं वाद्य कुठं थांबेल, कोण कधी सुरू होईल, हे तेच ठरवायचे. शहरात अशा माणसाला अरेंजर म्हणतात. आपल्याकडं त्याला 'वाजंत्री' म्हणतात, आणि पंगत उठल्यावर जेवायला बसवतात.

काकांच्या हातात ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाचा अर्ज होता. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं योजना आहे. पन्नाशी पार केलेल्या साहित्यिक-कलावंतांना महिन्याला मानधन मिळतं. जिल्हा पातळीवरच्या कलावंताला आधी २,२५० रुपये होते, २०२४ पासून सरसकट ५,००० केले. चांगली गोष्ट आहे. फक्त अर्जाला कलेतल्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. प्रमाणपत्र, कार्यक्रमाची पत्रिका, बातमीचं कात्रण.

काका म्हणाले, "भाऊ, तू तं वीस वर्षांपासून पेपरात लिहितं. माह्या कार्यक्रमाले किती डाव आला तू. एखांदं कात्रण भेटन का?"

मी म्हटलं, "भेटंल ना काका, बसा तुम्ही."

मग माझ्या जुन्या फायली काढल्या. मित्रहो, खरं सांगतो, दोन रात्री बसून पाहिल्या. 'वाजतगाजत मिरवणूक', 'बँडपथकाच्या तालावर', 'सुमधुर गीतांचा नजराणा', 'रसिक मंत्रमुग्ध'. हे सगळं माझ्याच हातचं, कितीतरी वेळा लिहिलेलं. उद्घाटक कोण, प्रमुख पाहुणे कोण, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले, सगळी नावं आहेत. माजी सभापतींच्या भाच्याचंसुद्धा आहे. वाजवणाऱ्याचं नाव एकदाही नाही. काकांचं नाही, तबल्यावाल्याचं नाही, ऑक्टोपॅडवाल्याचं नाही.

पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आम्हाला पहिल्या आठवड्यात सहा 'क' शिकवले होते. कोण, काय, केव्हा, कुठं, का, कसं. त्यातला पहिलाच 'क' मी वीस वर्षं गाळला. आज माझ्या डोळ्यांसमोर त्याची किंमत एक माणूस महिन्याला ५,००० रुपयांनी मोजतोय. म्हणून ही पोस्ट दुसऱ्यावर बोट दाखवण्याआधी माझ्यावर आहे. आता दुसऱ्यांवरही दाखवतो.

मुंबईचा सीझन आणि आपला सीझन

'सीझन' हा शब्द मुंबईतही चालतो. नरिमन पॉइंटला एनसीपीए म्हणून संस्था आहे. तिथं २००६ साली खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. वर्षाला साधारण दोन सीझन होतात, एक फेब्रुवारीच्या सुमारास, दुसरा सप्टेंबरच्या. कोणत्या तारखेला काय वाजणार, कोण वाजवणार, संचालन कोणाचं, हे सगळं आधी जाहीर होतं. वादकाला ठाऊक असतं की अमुक तारखेपर्यंत आपल्याला काम आहे आणि त्यासाठी आज तालीम करायची आहे.

तिकडं कोट-टाय घातलेली माणसं व्हायोलिन वाजवतात, त्याचं आपल्याला काय, असं कोणी म्हणेल. थांबा. २०१५ च्या सप्टेंबर सीझनसाठी याच ऑर्केस्ट्रानं उस्ताद झाकिर हुसेन यांना सांगितलं, आमच्यासाठी एक रचना करा. त्यांनी तबला आणि सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी 'पेशकार' केली. पेशकार म्हणजे एकल तबलावादनाची सुरुवात जिथून होते तो भाग. आपल्या तबल्यातली गोष्ट साठ-सत्तर वादकांच्या ताफ्यासमोर मांडली गेली, आणि पुढं ती परदेशातही वाजली. झाकिरभाई २०२४ च्या डिसेंबरमध्ये गेले. ती रचना मागं राहिली. का राहिली? कारण कोणीतरी तारीख दिली, वादक दिले, पैसे दिले, आणि 'नवीन काहीतरी करा' असं सांगितलं.

माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. नवीन संगीत आकाशातून पडत नाही. कोणीतरी ते मागावं लागतं, त्याला तारीख द्यावी लागते आणि करणाऱ्याच्या घरची चूल पेटती ठेवावी लागते. युरोपात ऑर्केस्ट्रा वर्ष-दोन वर्षांसाठी एखादा संगीतकार नेमतात. त्याचं काम एकच, या ताफ्यासाठी, या गावासाठी नवीन रचना करायच्या.

आपल्या सीझनमध्ये यातलं काय आहे? तारखा आहेत. पैसा आहे, तुम्ही कितीही नाही म्हणा, आहे. वादक नाही, संगीतकार नाही, नवीन काही नाही. पेन ड्राइव्ह आहे.

हे मोठ्या शहराचं काम नाही

"मुंबईचं मुंबईत, धनजचं धनजला," असं म्हणणाऱ्यांसाठी तीन उदाहरणं देतो.

पहिलं मैहरचं. मध्य प्रदेशातलं लहानसं गाव. शारदामातेच्या दर्शनाला आपल्याकडचे लोक जातात ना, तेच. १९१८ च्या आसपास तिथं साथीच्या रोगात पुष्कळ लेकरं अनाथ झाली. संस्थानचे दरबारी संगीतकार बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी ती पोरं गोळा केली, एकेकाला वाद्य शिकवलं आणि त्यांचा वाद्यवृंद उभा केला. तोच मैहर बँड. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी 'नलतरंग' नावाचं वाद्य बनवलं. बंदुकीचा असा उपयोग दुसऱ्या कोणी केल्याचं मला माहीत नाही. रविशंकर, अली अकबर, अन्नपूर्णादेवी याच बाबांपाशी शिकले. संस्थान गेलं, बाबाही १९७२ ला गेले, वाद्यवृंदाचं नाव अजून आहे. लहान गाव, अनाथ पोरं, एक संगीतकार, आणि त्याला पगार देणारा एक राजा. यातलं आपल्याकडं काय कमी आहे? लहान गाव आहे. पोरं आहेत. संगीतकार शोधला तर सापडतो. राजाच्या जागी आता जिल्हा नियोजन समिती आहे.

दुसरं आपल्या घरातलं. गीतरामायण. आपण त्याला भक्तीचा चमत्कार म्हणून ऐकतो. मी वेळापत्रकाच्या बाजूनं सांगतो. पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. जेमतेम दीड वर्षाचं केंद्र, आणि १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला त्यांनी गीतरामायण सुरू केलं. सीताकांत लाड केंद्रावर होते. गदिमांनी लिहायचं, बाबूजी सुधीर फडक्यांनी चाल लावायची, दर आठवड्याला एक नवीन गाणं, वर्षभर. ५६ गाणी झाली. आठवडा चुकवायची सोय नव्हती, कारण घराघरांत लोक रेडिओसमोर बसलेले असायचे. प्रतिभा त्या दोघांची होतीच, त्याबद्दल वाद नाही. पण सरकारी केंद्रानं 'दर आठवड्याला एक' असं कबूल केलं नसतं तर ती ५६ गाणी झाली असती का? आकाशवाणी केंद्रांवर त्या काळी पगारी वादक असत. आज आपण ज्याला मराठी भावगीत म्हणतो, त्यातलं कितीतरी त्या पगारावर उभं आहे. 'शुक्रतारा' सुद्धा आधी रेडिओवरच वाजलं. पुढं ती भरती आटली, आणि रेडिओतून येणारी नवी गाणीही आटली.

तिसरं उदाहरण लांबचं आहे, पण मला फार लागलं म्हणून सांगतो. हायडन नावाचा ऑस्ट्रियाचा संगीतकार १७६१ पासून जवळपास तीस वर्षं एस्टरहाझी नावाच्या सरदार घराण्याच्या चाकरीत होता. मोठ्या शहरापासून दूर, खेड्यातल्या महालात. एका वर्षी राजेसाहेबांनी मुक्काम लांबवला, वादकांना घरी बायकापोरांकडं जाऊ देईनात. तोंडावर कोण बोलणार? हायडननं १७७२ साली एक सिंफनी रचली. तिच्या शेवटी एकेक वादक आपला भाग संपवतो, समोरची मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. शेवटी दोन व्हायोलिन उरतात. राजेसाहेबांना कळलं. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना घरी जायची परवानगी मिळाली.

आपल्या जिल्ह्यातलेही वादक असेच एकेक करून उठून गेले. ट्रिपलवाला पुण्याला कंपनीत वॉचमन. सनईवाला वीटभट्टीवर. कीबोर्डवाला माझा वर्गमित्र. त्यानं कीबोर्ड विकून सेकंडहँड ऑटो घेतला. संदलचे ताशेवाले अजून तग धरून आहेत, पण त्यांनाही आता मिरवणुकीत डीजेच्या मागं चालावं लागतं. त्या राजाला एका संध्याकाळी जे कळलं ते आपल्याला वीस वर्षांत कळलं नाही, कारण उठून जाणाऱ्यांचा आवाज ऐकूच येऊ नये इतका मोठा आवाज आपण लावून ठेवला होता.

नंगाऱ्याची इमारत

आता जिल्ह्याकडं येतो. पोहरादेवी आपल्याच मानोरा तालुक्यात. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते तिथं बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. नंगाऱ्याच्या आकाराची चार मजली इमारत, आत १३ दालनं. मी स्वतः पाहिलं. अभिमान वाटला, आणि वाटायलाच पाहिजे. ज्या समाजाला इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलं त्याच्या वाद्याच्या आकाराची वास्तू उभी राहणं ही लहान गोष्ट नाही. पंतप्रधानांनी तिथं वाद्य वाजवल्याचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केला.

माझा प्रश्न साधा आहे. त्या इमारतीच्या सावलीत नंगारा वाजवणाऱ्या किती जणांना महिन्याच्या एक तारखेला वाजवण्याचा पगार मिळतो? तांड्यावरची म्हातारी भजनं म्हणते, तिचा नातू नंगारा धरतो. तो नातू ऊसतोडीला गेला की त्या तांड्यावर पाच-सहा महिने नंगारा कोण धरणार? वास्तू झाली. आता तिच्यात राहणारा आवाज पाहिजे.

२०२४ च्या सुरुवातीला राज्यभर जिल्ह्याजिल्ह्यांत महासंस्कृती महोत्सव झाले. स्टेज भव्य, गर्दी भरपूर. स्थानिक कलावंतांनाही संधी, असं पत्रकात असतं. संधी म्हणजे काय, ते वादकाला विचारा. मुख्य कलाकार यायला वेळ आहे तोवर वाजवा. चार दिवसांनी मंडप उतरला, आणि मंगळवारी वादक परत मजुरीला. २०२५ ला सरकारनं गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. दर्जा दिला, छान झालं. पण जिल्ह्यात राज्य महोत्सव आहे आणि जिल्ह्याचा स्वतःचा वाद्यवृंद नाही, ही परिस्थिती कोणाला खटकत कशी नाही?

सरकार कलावंताला दोनदा ओळखतं. एकदा महोत्सवात, रात्रीपुरतं. दुसऱ्यांदा पन्नाशीनंतर, कात्रण आणलं तर. मधली तीस वर्षं, म्हणजे ज्या वयात माणूस वाजवतो, त्या वयात त्याला कोणी ओळखत नाही.

दहा की बारा, एवढाच वाद

डीजेवर चर्चा होते, नाही असं नाही. पण ती फक्त घड्याळाची होते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दवाखाना, शाळा, कोर्टापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. हे सगळं कागदावर आहे, आणि २००५ ला सुप्रीम कोर्टानंही ते ठासून सांगितलं. आपण मात्र दरवर्षी पोलीस ठाण्यातल्या शांतता समितीच्या बैठकीत चहा पितो आणि विचारतो, "साहेब, यंदा बारापर्यंत ना?"

कोणीही विचारत नाही की वाजवणार कोण. मला डीजेवाल्या पोराशी भांडण नाही. तोही कर्ज काढून सिस्टिम घेतलेला आपलाच पोट्टा आहे, हप्ता त्यालाही आहे. पण एका डीजेच्या गाडीवर दोन माणसं कमावतात. ऑर्केस्ट्राच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून बारा-चौदा जण उतरायचे. गावातल्या चौकात वायर पसरायचे, बोंगो-कोंगो लावायचे, 'हॅलो माइक टेस्टिंग' व्हायचं आणि आम्ही पोरं संध्याकाळी पाचपासून पोतं टाकून जागा धरायचो. ती गाणी काही स्वर्गीय नव्हती. गायक कधी बेसूर व्हायचा, मिमिक्रीवाला तेच विनोद दरवर्षी करायचा. पण त्या बारा-चौदा जणांच्या घरी त्या रात्रीचे पैसे जायचे, आणि पुढच्या रांगेत बसलेलं एखादं पोरगं दुसऱ्या दिवशी डब्यावर ठेका धरायचं. गावात वादक असाच तयार व्हायचा. आज ते पोरगं काय पाहून तयार होईल?

येणाऱ्या कमेंटची उत्तरं आधीच देतो

"शेतकरी मरून राह्यला आन् तुले गाणे सुचतात!" बरोबर. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. बाजारात किती मिळतो ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत. त्यावर मी लिहितो आणि लिहीत राहीन. पण मंडळाची वर्गणी कोण देतो? तोच सोयाबीनवाला. त्याच्याच ५०१ च्या पावतीतून बाहेरच्या जिल्ह्याची डीजे सिस्टिम येते आणि पैसा रात्रीतून बाहेर जातो. आणि वादक कोण आहे? दोन एकरवाला नाहीतर भूमिहीन. त्याचं घर चाललं तर शेतमजुराचंच घर चाललं.

"पोरांना डीजेच पाहिजे." पोरांना जे दिलं ते पाहिजे. दुसरं दिलं होतं का कधी? एक वर्ष देऊन बघा, मग बोला.

"आपल्याकडं तेवढे कलाकार आहेत कुठं?" हे म्हणणाऱ्यानं आपल्याच गावची काकड आरती ऐकलेली नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात यावलीला जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी एका खंजिरीवर अख्खा विदर्भ हलवला. त्यांच्यामागं ना साउंड सिस्टिम होती ना एलईडी स्क्रीन. आजही गुरुदेव सेवा मंडळांत खंजिरी वाजते, मातंग वस्तीत डफडं वाजतं, तांड्यावर नंगारा, दर्ग्याच्या उरुसात ताशा, बुद्धविहारात भीमगीतांची पेटी-ढोलकी. पाच वस्त्या, पाच वाद्यं. ती एका मंचावर एकत्र कधी वाजली? कोणी वाजवून घेतली? एका ठेक्यात बसवणारा माणूस नेमला तर असं काहीतरी ऐकायला मिळेल जे पुण्या-मुंबईकडं नाही. आणि ज्यांना आपण गावकुसाबाहेर ठेवून वाजवायला बोलावलं, ती माणसं पहिल्यांदा खुर्चीवर बसून, नावासकट वाजवतील. काही जणांना हेच खुपणार आहे, याची मला कल्पना आहे.

"पैसा कुठून आणायचा?" हा खरा प्रश्न. हिशेब मांडतो.

हिशेब आणि मागण्या

आपल्या जिल्ह्यात सहा तालुके. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. तालुक्यामागं दोन वादक घ्या, १२ झाले. प्रत्येकाला महिन्याला १५,००० मानधन धरा. महिन्याचे १ लाख ८० हजार, वर्षाचे २१ लाख ६० हजार. एक संगीतकार, दोन वर्षांसाठी नेमलेला, महिन्याला ३०,०००. वर्षाचे ३ लाख ६० हजार. बेरीज २५ लाख २० हजार. वाद्यं, गाडीभाडं, दुरुस्ती धरून ३० लाख समजा. म्हणजे तालुक्यामागं वर्षाला ५ लाख. आता मंडळाच्या खजिनदारांनी आपापली मागच्या वर्षीची डीजे, लाइट आणि मिरवणुकीची बिलं काढावीत, तालुक्यातल्या सगळ्या मंडळांची बेरीज करावी, आणि मग मला सांगावं की जिल्हा गरीब आहे.

म्हणून मागण्या. नियोजन समितीच्या सदस्यांपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्यांना टॅग करतोय.

१. वाशिम जिल्ह्याचा कायम वाद्यवृंद. महोत्सवापुरता नाही. बारा महिने, मानधनावर, हजेरीपटासह. निवड कान बंद ठेवून नाही आणि शिफारशीवर तर नाहीच. उघड्या मैदानात, लोकांसमोर.

२. त्या वृंदाला नेमलेला संगीतकार. त्यानं वर्षाला निदान सहा नवीन रचना द्याव्यात, तालुक्याला एक. पहिली रचना नंगाऱ्यासाठी, आणि ती पोहरादेवीच्या त्या वास्तूत वाजावी.

३. सीझनचं जाहीर वेळापत्रक. प्रत्येक तालुक्यात वर्षाला दोन कार्यक्रम, जूनमध्येच तारखा जाहीर. त्यातला एक तालुक्याच्या गावी आणि एक खेड्यात. कारंज्याला झाला तर दुसरा धनजला झाला पाहिजे, हा माझा स्वार्थ समजा.

४. सकाळी शाळेत, संध्याकाळी चौकात. वृंद ज्या गावी जाईल तिथल्या जिल्हा परिषद शाळेत त्या दिवशी पोरांच्या हातात वाद्य द्यायचं. पाहून नाही, हात लावून कळतं.

५. मंडळांसाठी. दहा दिवसांतला एक दिवस जिवंत वादकांचा. सरकारची वाट न पाहता, यंदापासून. पत्रिकेवर पाहुण्यांच्या नावांच्या वर वादकांची नावं छापायची.

पाचवी मागणी फुकट आहे. तिला जीआर लागत नाही, निधी लागत नाही. कोणतं मंडळ ती पाळत नाही ते यंदा मी मोजणार आहे.

आणि माझ्यापुरतं

मी माझ्याकडून एक ठरवलंय. यापुढं माझ्या कोणत्याही बातमीत 'वाजतगाजत' हा शब्द आला तर पुढच्या ओळीत कोणी वाजवलं त्याचं नाव येईल. नसेल तर मला फोन करून झापा, नंबर गावात सगळ्यांकडं आहे. तालुक्यातल्या पत्रकार मित्रांनाही हीच विनंती. आपण चार ओळी उद्घाटकाच्या कमी करू, कोणाचं सरकार पडत नाही.

काकांसाठी ज्या मंडळांकडं जुन्या पत्रिका, पावत्या, फोटो, कॅसेट असतील त्यांनी मला पाठवा. फक्त काकांसाठी नाही, अशा सगळ्यांसाठी. एकेकाची फाइल करू. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये बँड दिसत असेल तर तीही चालेल. पुरावा तर पुरावा. वीस वर्षांत मी जी नावं लिहिली नाहीत ती निदान अर्जापुरती तरी जमवू.

त्या दिवशी मी काकांना म्हटलं होतं, "काका, मी तुमच्यावर मोठी स्टोरी करतो. फोटोसकट."

काका क्षणभर थांबले. म्हणाले, "स्टोरी कर बाप्पा. पण पयले एखांदा कार्यक्रम लावून दे. वाजवतांनीचा फोटो पायजे ना, नुसता बसून कायचा काढतं?"

क्लॅरिनेट अजून त्यांच्या घरी आहे. विकलेलं नाही. फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलंय. सीझन तोंडावर आलाय. कोणतं मंडळ एक दिवस देतंय, बोला.